देवीलाल कंडक्टर आणि पाइपाचं दुसरं टोक

उमरखेडहून ढाणकीकडे जाणाऱ्या एसटीत देवीलाल आडे कंडक्टर असले, की प्रवाशाला इंग्रजीतलं एक क्रियापद फुकट मिळे. तिकीट वेगळं.

हे क्रियापद त्यांना नोकरीच्या सुरुवातीला, प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी मिळालं. नागपूरहून एक साहेब आले होते. त्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि त्यात 'कोऑपरेट' हा शब्द इतक्या वेळा आला की चहाकडे डोळे लावून बसलेल्या देवीलालनं शेवटी शेजारच्याला अर्थ विचारला. शेजारी म्हणाला, "मिळून काम करनं." तांड्यावरून दहावी पास होऊन आलेल्या या पोराला अर्थ आवडला आणि शब्द त्याहून जास्त आवडला. भाषणातलं बाकी सगळं साहेब आपल्यासोबत नागपूरला परत घेऊन गेले.

त्यानंतर देवीलालनी तो शब्द वाक्यात वापरायला घेतला. शाळेत पोरं एका शब्दाची पाच वाक्यं करतात आणि सुटतात. देवीलाल निवृत्तीपर्यंत सुटले नाहीत.

"ओ माय, बोकड मांगं बांध आन् तू पुढं ये. कोऑपरेट कर."

"रुमाल टाकून जागा धरली म्हनता? बरं. रुमालानं कोऑपरेट केलं, आता मानसानं करा, सरका."

"पास घरी राह्यला? मंग तू बी घरीच राह्याचं होतं नं राजा. उतर, कोऑपरेट कर."

पिऊन चढलेल्या माणसाला ते खिडकीजवळ बसवत आणि त्याच्या कानाशी अगदी हळू म्हणत, "भाऊ, काही झालं तं बाहेरच्या बाजूनं कोऑपरेट करजो." आणि तो करी.

आम्ही रोजचे प्रवासी या शब्दाला इतके सरावलो होतो की एखाद्या दिवशी दुसरा कंडक्टर आला तर गाडी अर्धवट भाषेत चालल्यासारखी वाटे. एक गोष्ट मात्र लक्षात यायला बरीच वर्षं लागली. या सगळ्या व्यवहारात सहकार्य नेहमी समोरच्यानं करायचं असे. देवीलाल स्वतः मागच्या दाराशी उभे राहून त्याची व्यवस्था पाहत. हातात तिकिटं टोचायचा लोखंडी पंच, तो दांडीवर एकदा वाजला की गाडी थांबे, दोनदा वाजला की निघे. घंटीची दोरी असतानाही ते पंचच वाजवत. पुढे तिकिटाची मशीन आली, टोचायला काही उरलं नाही, पण पंच खिशात राहिला. ड्रायव्हर बदलत गेले. पंचाचं ऐकलं नाही असा ड्रायव्हर झाला नाही.

निवृत्तीच्या दिवशी आगारात छोटा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं 'कोऑपरेट' म्हणून टाळ्या घेतल्या. एक साहेब तर म्हणाले की आडे म्हणजे सहकार्याची मूर्ती. पहिल्या रांगेत देवीलालची बायको भुरीबाई बसली होती. ती हे सगळं फार मन लावून ऐकत होती. परत येताना तिनं नवऱ्याला एकच विचारलं, "हे तुमच्यावर बोलून राह्यलते?"

(घरात ही दोघं गोरबोलीच, म्हणजे बंजारा बोलीच बोलतात. इथं वऱ्हाडीत दिलंय. टोमणा दोन्हीकडे सारखाच बसतो.)

भुरीबाईच्या प्रश्नात तथ्य होतं. तांड्याच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठाला त्यांचं वावर. सातबाऱ्यावर ते देवीलालच्या नावानं, आणि देवीलालचं त्याच्याशी नातं बहुतेक तेवढंच. ते ड्यूटीवरून येत, वर्दी खुंटीला टांगत, चहा घेत, आणि कधी लहर आली तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून पिकाची तपासणी करून जात. त्या वावरातले दगड वेचले भुरीबाईनं. कोणत्या तुकड्यात पाणी थांबतं, कुठं वखर अडतो, धुऱ्यावरच्या बोरीखाली कापूस का धरत नाही, हे तिला माहीत. आणि तिच्याइतकंच तिची जाऊ धनीबाई हिला.

धनीबाईचं वावर शेजारीच, विहीर दोघींची एक. हिवाळ्यात हरभऱ्याला स्प्रिंकलरनं पाणी द्यायचं तर पाइपांची ओळ मांडायची, मोटार चालवायची, तेवढा पट्टा भिजला की मोटार बंद करून प्रत्येक पाइप सोडायचा आणि उचलून पुढच्या पट्ट्यात नेऊन जोडायचा. पाइप एकट्यालाही उचलता येतो. पण लांब असतो, त्यावर फवाऱ्याची लोखंडी नळी उभी असते, आणि एकट्यानं मधोमध धरला की दोन्ही टोकं हरभऱ्यात घासत जातात. म्हणून दोन माणसं लागतात, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. या दोघी जावा हे काम करताना पाहणं हा एक सुंदर प्रकार होता. त्या सतत बोलत. पुसदच्या लग्नात कोणी काय नेसलं होतं, कोणाची सून कोणाला काय म्हणाली. पाइपाविषयी मात्र एक शब्द नाही. पाइप आपला उठे, वाकून पाणी सांडे, ओल्या काळ्या मातीतून चाले आणि दुसऱ्या पाइपाच्या तोंडात जाऊन बसे.

देवीलाल निवृत्त झाले त्याच साली धनीबाईचे गुडघे गेले. मुलगी दीपमाला तिला इलाजासाठी नांदेडला घेऊन गेली. भुरीबाईच्या पाइपाचं दुसरं टोक रिकामं झालं.

दुसरं माणूस मिळेना. तांड्यातली अर्धी घरं ऊसतोडीला गेलेली, उरलेल्या बाया कापूस वेचायला. हरभरा मात्र फुलावर यायच्या बेतात होता. फुलं लागली की वरून पाणी मारता येत नाही, गळतात. पाणी द्यायचं ते आत्ताच.

याच सुमारास खेमसिंग विचारून गेला. खेमसिंग त्याच तांड्यातला, आजूबाजूची वावरं मक्त्यानं घेऊन करणारा, सरळ माणूस. छोटा ट्रॅक्टर आहे, हाताशी दोन पोरं आहेत. "भुरीबाई, उभ्या हरभऱ्यासकट द्या. पुढची काही सालं मीच करतो. तुमाले घरबसल्या मिळून जाईन." खेमसिंगनं घेतलेली वावरं भुरीबाईनं पाहिली होती. तो मधले धुरे मोडतो, झाडं काढतो, सगळं एक करतो. ट्रॅक्टरला वळायला सोपं जातं. काही सालांनी वावर परत मिळालं तरी ते कुठून कुठपर्यंत होतं, हे शोधायला तलाठी लागला असता.

मुलगा भारत पुण्यात. त्याचा आईला फोन आला. "याडी, देऊन टाक. किती दिवस चिखल तुडवशील? आराम कर."

भुरीबाई म्हणाली, "हौ." फोन ठेवून ती भाकरी थापायला बसली.

देवीलाल बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मी हाय नं."

"कशाले?"

"पाइप धराले. मी कोऑपरेट करतो."

भाकरी तव्यावर पडायची थांबली. भुरीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. गाडीत एखादा माणूस चुकीच्या थांब्यावर उतरायला निघाला की आपण पाहतो, तसं.

"तुमी?"

"का बा? मले हात नाही का?"

"हात हाय. पाह्यले मी." मग भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "ठीक हाय. या पान्यापुरतं पाहू. जमलं तं वावर आपलं. नाही जमलं तं खेमसिंगभाऊले हो म्हनून टाकते. मंग तुमी बोलाचं नाही अन् मी बी रडाची नाही."

त्या आठवड्यात मोटारीसाठी वीज दिवसाची होती. सकाळी देवीलाल जुनी खाकी पँट चढवून वावरात हजर. पहिला पट्टा भिजला, मोटार बंद झाली, आणि पाइपांकडे निघताना देवीलाल कोणी न सांगता मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. जन्मभर तिथंच उभे होते. भुरीबाई क्षणभर थांबली, काही म्हणणार होती, मग पुढच्या टोकाला गेली.

"चला," देवीलाल म्हणाले, "पुढं सरका, पुढं लय जागा हाय."

वावरात दुसरं माणूस नव्हतं. भुरीबाईनं मागं वळून पाहिलं. "मले म्हनता?"

"सवय हाय वं, कोऑपरेट कर."

पहिला पाइप उचलताना त्यांनी आपलं टोक छातीपर्यंत नेलं. पाइपात साठलेलं सगळं पाणी उतारानं भुरीबाईच्या पायांवर आणि लुगड्यावर आलं. डिसेंबरचं पाणी होतं.

"अवं बापा! खाली धरा! आंधी खाली!"

"तू सांगाचं नं!"

"धनीबाईले कवाच सांगा लागे नाही!"

दुसऱ्या पाइपाला दोघं एकाच वेळी थांबले. तिसऱ्याला ती डावीकडे वळली तर हे उजवीकडे. ती दर चार पावलांनी मागं वळून पाही, कारण मागचा काय करतोय याची तिला खात्री नव्हती. ती वळली की पाइप वळे, आणि पाइप वळला की हरभरा मोडे. देवीलाल मागून सूचना देत होते आणि त्या सूचना उत्तम होत्या; फक्त प्रत्येक सूचना पाऊल पडून गेल्यावर येई.

मग तो प्रकार झाला. पाइप उचलून दोघं उभे. भुरीबाई चालायच्या तयारीत. देवीलालचा उजवा हात, त्यांच्या नकळत, खिशात गेला, पंच घेऊन बाहेर आला आणि फवाऱ्याच्या लोखंडी नळीवर बसला. टकटक. गाडीत हे ठीक असतं. तिथं गाडी धरून ठेवणं कंडक्टरच्या कामात येत नाही. भुरीबाई आवाजानं दचकून पुढं निघाली, देवीलालच्या एका हातातून चिखलानं माखलेला पाइप सुटला, आणि मागचं टोक हरभऱ्यात आदळलं. फवाऱ्याची नळी बुडाच्या जोडाशी तडकली. पाइपाखाली दोन ओळी आडव्या झाल्या.

भुरीबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाइप खाली ठेवून मोडलेल्या झाडांपाशी बसली आणि त्यांचे शेंडे, पानं खुडून पदरात घेऊ लागली.

"हे काय करून राह्यली?"

"भाजी. मोडलंच हाय तं फुकट कायले जाऊ द्याचं."

मग पदर तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं खेमसिंगला फोन लावला. "भाऊ, उद्या सकाळी वावरात या. बोलनं करून टाकू."

संध्याकाळी घरात हरभऱ्याची भाजी होती. देवीलाल जेवले. फोन घेऊन ते बाहेर लिंबाखाली गेले आणि नांदेडला धनीबाईला लावला. वहिनीला फोन करायची त्यांची ही पहिली वेळ असावी, कारण धनीबाईनं आधी विचारलं, "कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं. भोजाई, तुमी दोघी पाइप कशा नेत होत्या? सांगत तं काही नोत्या एकमेकीले."

"काहून?"

"सांगा नं."

धनीबाईनं विचार केला. या गोष्टीचा विचार तिनं आधी कधी केला नसावा. "सांगाचं काय त्यात? मी पुढं राहो, भुरी मांगं. मांगच्याले पुढच्याची पाठ दिसते, पाय दिसते, सरी दिसते. पुढच्याले काही नाही दिसत. पुढच्यानं पाह्याचंच नाही. निस्तं चालाचं. मांगची हाय, हे मनात धरलं का झालं."

"भुरी मांगं राहे?"

"हौ तं. आमच्या लग्नापासून. भुरीले पुढं उभं केलं का ती सारखी मांगं पाह्यते, मान मोडेपर्यंत. तुमी कुठं उभे राह्यलते?"

देवीलालनी गुडघ्याची चौकशी केली, आणि फोन ठेवला.

म्हणजे प्रकार असा होता, की एकाच गाडीत दोन कंडक्टर चढले होते आणि स्टेअरिंगवर कोणीच नव्हतं. शिवाय त्यातल्या एकानं, कोणाला न विचारता, दुसऱ्याची जागा घेतली होती. इतकी वर्षं रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ज्यांनी उठवलं, त्यांच्या हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. पण आलं.

सकाळी ती वावरात पोचली तेव्हा देवीलाल आधीच तिथं होते. तडकलेल्या नळीला त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती. काम काही फार देखणं नव्हतं. पण पक्कं होतं.

"खेमसिंग याच्या आंधी एक पट्टा होईन," ते म्हणाले.

"कायले? आता त्याचाच हाय तो."

"होऊ दे नं पन. हरभऱ्यानं काय केलं?"

भुरीबाईनं जाऊन बटण दाबलं. मोटार चालली, पट्टा भिजला, मोटार थांबली. ती सवयीनं पुढच्या टोकाकडे निघाली, म्हणजे कालच्या सवयीनं. देवीलाल आडवे आले.

"तू मांगं जाय."

"अन् तुमी?"

"मी पुढं."

"तुमाले जमन पुढं?"

"नाही माहीत. कवा गेलो नाही." मग त्यांनी खिशात हात घातला आणि पंच काढून तिच्या हातात दिला. इतक्या वर्षांच्या वापरानं तो गुळगुळीत झाला होता. घरात या पंचाला कोणी हात लावलेला चालत नसे. लहानपणी भारतनं एकदा खेळायला घेतला होता, तर ओरडा खाऊन तो दिवसभर रडत होता.

"हे कायले?"

"एक वाजवलं का थांबतो. दोन वाजवले का निंगतो. तोंडानं सांगू नको. तोंडानं सांगतलं का मले उलटं बोलाची सवय हाय."

"अन् पाइप? एका हातानं?"

"पाइप बगलेत दाब. हात मोकळा राह्यते. काल मले सुचलं नाही."

भुरीबाईनं पंच हातात फिरवून पाहिला. मग पाइपाचं मागचं टोक काखेत दाबलं. देवीलालनी पुढचं टोक खाली धरून पाणी सांडू दिलं, आणि तोंड समोर करून उभे राहिले. समोर हरभरा, त्यापलीकडे नाला, आणि करण्यासारखं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पुढं कोणी नव्हतं ज्याला सरकायला सांगावं.

टकटक.

ते निघाले. पहिली काही पावलं पाण्यात चालल्यासारखी टाकली. मान वळायला पाहत होती, ती त्यांनी धरून ठेवली. सरीच्या मध्यावर टक् वाजलं. देवीलाल एक पाय वर घेतलेला तसेच थांबले.

"काय झालं?"

"काही नाही," मागून भुरीबाई म्हणाली. "पाहून राह्यलती, थांबता का."

टकटक. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा टक्. ते पुन्हा थांबले. या वेळी मागून आवाज आला नाही, पण पाइप हलत होता. ती हसत होती.

"वाजवा नं आता!" देवीलाल समोर पाहतच म्हणाले. बायकोला 'वाजवा' म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पाइप जागेवर जाऊन बसला. दुसरा गेला, तिसरा गेला. जोडताना एकदा कडी अडली, तेव्हा भुरीबाईनं तीनदा वाजवलं. हे ठरलेलं नव्हतं. देवीलाल मागं आले, कडी बसवली आणि परत पुढं गेले. चौथ्या पाइपापर्यंत भुरीबाईनं पुसदच्या लग्नाचा विषय काढला होता. देवीलालना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण "मंग?" एवढं ते बरोबर ठिकाणी म्हणत होते.

खेमसिंग आला तेव्हा ओळ अर्धी हलली होती. मोटरसायकल धुऱ्याला लावून तो बोरीखालून सरळ वावरात उतरला आणि ओल्या सरीत, नेमका पाइपाच्या वाटेवर, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. देवीलाल आडेच्या हातात पाइप पाहणारा तो तांड्यातला पहिला माणूस, त्यामुळे त्याला हलायचं सुचलं नसावं.

"भुरीबाई," तो म्हणाला, "बोलावलतं तुमी."

टक्. देवीलाल थांबले. त्यांच्या पुढं अगदी दोन हातांवर खेमसिंग. बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी, वाक्य तयार होतं, जन्मभराचं तयार होतं. पण पुढच्यानं काही पाहायचं नाही, तर बोलायचंही नसावं, असा त्यांनी अर्थ लावला आणि गप्प राहिले.

मागून भुरीबाईचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, वावरभर.

"खेमसिंगभाऊ, बोलावलतं, पन आता बोलाचं काही राह्यलं नाही. आमचं पानी चालू हाय. तुमी लाइनीत उभे हाय, धुऱ्याकडं सरका. कोऑपरेट करा."

खेमसिंगनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग देवीलालकडे. देवीलालचे कान लाल झाले होते आणि ते नाल्याकडे पाहत होते.

"मंग पुढच्या साली तरी?" खेमसिंगनं विचारलं.

"पुढच्या साली हे अजून शिकतीन," भुरीबाई म्हणाली. "तुमी घरी जाता जाता भाजी घेऊन जा, बोरीखाली पाटीत हाय. कालची मोडलेली, पदरात मावली नाही ती."

खेमसिंग सरकला. बोरीखाली जाऊन त्यानं पाटीतली भाजी घेतली, आणि मोटरसायकल चालू न करता थोडा वेळ तिथंच उभा राहून पाहत राहिला.

देवीलालना मागं वळून बायकोचं तोंड पाहायचं होतं. फार पाहायचं होतं. पण वळलं की पाइप वळतो, आणि पाइप वळला की हरभरा मोडतो.

टकटक.

ते निघाले.